रक्तपिपासू, बंदूकवाला आणि गावचा वेताळ

नेरळच्या स्थानकावर माथेरानच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एखाद्या गृहस्थास जर सांगितले, की घोडा, बंदूक आणि रक्तपिपासू पिशाच या तिघांना एकाच पडद्यावर आणणारा चित्रपटांचा एक प्रकार आहे, तर तो हसेल. परंतु हसण्याजोग्या गोष्टींतही समाजाची भीती दडलेली असते. आणि भीतीचा इतिहास हाही इतिहासच होय.

ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील सरंजामदार पिशाचाचा पाठलाग करणाऱ्या मंडळींत क्विन्सी मॉरिस हा टेक्सासचा रहिवासी आहे. अखेरच्या झटापटीत त्याचा सुरा पिशाचाच्या छातीत रुततो, आणि तो स्वतःही प्राणास मुकतो. म्हणजे गुराख्यांच्या मुलखातला हा वीर चित्रपट येण्यापूर्वीच या शिकारीत सामील झाला होता!

पुढे १९५९ साली अमेरिकेत ‘कर्स ऑफ द अनडेड’ हा चित्रपट निघाला. जमीनदाराशी वैर जडलेली एक तरुणी सूडासाठी भाडोत्री बंदूकवाला शोधते, आणि येतो तो नेमका पिशाच. गोळीने तो मरत नाही. शेवटी गावच्या धर्मोपदेशकास गोळीवर क्रूस जडवूनच त्याचा निकाल लावावा लागतो. १९६६ सालच्या ‘बिली द किड व्हर्सेस ड्रॅक्युला’ची तऱ्हा त्याहून गमतीची. तेथे पिस्तुलाच्या गोळ्या वाया जातात आणि रिकामे पिस्तूल फेकून मारल्यावर मात पिशाच कोसळतो! परंतु गंमत बाजूस ठेवली, तर पहिल्या चित्रपटातील मर्म मोठे बोचरे आहे. ज्या मुलखात कायदा दूर आणि बंदूक जवळ, तेथे लोक तारणहार बाहेरून बोलावतात. आणि तो तारणहारच रक्त पिऊ लागला, तर दाद कोणाकडे मागावी?

आपल्याकडची परंपरा याहून निराळी. रिचर्ड बर्टन यांनी विक्रम-वेताळाच्या कथा १८७० साली इंग्रजीत आणल्या, तेव्हा ग्रंथाच्या नावात वेताळास रक्तपिपासू पिशाचाचे नाव दिले. वस्तुतः आपला वेताळ रक्त पीत नाही; तो प्रश्न विचारतो. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी त्याआधीच, १८३० साली, ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली होती. त्या कथांतला राजा वेताळाची शिकार करीत नाही, त्यास खांद्यावर घेऊन चालतो. कोकणात तर वेताळ हा गावाचा राखणदार. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबास भाविक मोठाल्या वहाणा अर्पण करतात. कारण देव रात्री गावाभोवती फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. राखणदार बाहेरचा नव्हे, गावातलाच, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

मुंबईच्या हिंदी पडद्यावर हे दोन प्रवाह शेजारी आले, ते रामसे बंधूंच्या हातून. १९७५ च्या ‘शोले’ने डाकू आणि घोडेस्वार घरोघरी पोचवले होते. १९८४ साली आलेल्या ‘पुराना मंदिर’मध्ये एकीकडे सामरी नावाचा राक्षसी मांत्रिक, तर दुसरीकडे जगदीप यांनी रंगवलेली ‘शोले’ची विडंबनकथा! अमेरिकेत जे दोन धागे एकत्र विणले गेले, ते येथे नुसते शेजारी ठेवले गेले. मात्र भयकथेचा गाभा अस्सल आहे. सामरीच्या शापाने राजघराण्यातील स्त्रिया बाळंतपणात मृत्यू पावतात. पूर्वजांच्या कृत्याचे ऋण नातवंडे फेडतात. तिकडे पिशाच घोड्यावरून गावात येतो. इकडे तो वाड्याच्या भिंतीआडच असतो.

आता पडद्यावरून आपल्या तालुक्याकडे वळू. रक्त शोषणे हा शब्दप्रयोग आपण पिशाचापेक्षा सावकाराविषयी अधिक करतो. पावसाळ्यात घरातले धान्य संपले, की कर्ज. आणि कर्ज फिटले नाही, की जमीन गेली. १९१२ साली माथेरानला जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल यांनी या दुष्टचक्रावर जो उपाय योजला, तो बंदुकीचा नव्हता. शेतकऱ्यांस अडल्या वेळी धान्य मिळावे म्हणून त्यांनी धान्यकोठी काढली, आणि वाड्यावस्त्यांवर शाळा चालवल्या. पुढे १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात त्यांस व हिराजी पाटील यांस वीरमरण आले.

चित्रपटातला बंदूकवाला काम उरकून क्षितिजाकडे निघून जातो. पिशाच परत आला, तर गाव पुन्हा त्याचीच वाट पाहत बसते. आपला शिकारी याच डोंगरातला होता. त्याने आधी कोठी भरली, मग शस्त्र उचलले. श्रोतेहो, भयपट जरूर पाहावेत. पण दिवे लागल्यावर वेताळासारखा एक प्रश्न स्वतःस विचारावा : आपल्या गावची कोठी आज कोण भरतो आहे, आणि रिकामी कोण करतो आहे?