मावळातील वर्षाविहार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

पावसाळ्याच्या प्रारंभी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसून अंगावर पाणी घेणारे पर्यटक, हे दृश्य महाराष्ट्राला सुपरिचित आहे. त्याकडे निसर्गप्रेम किंवा हुल्लडबाजी या दोनच दृष्टींनी पाहण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा ऐतिहासिक अंगाने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. मावळातील वर्षाविहाराची प्रमुख स्थळे मुळात विहारासाठी निर्माण झालेली नाहीत. रेल्वे, पाणीपुरवठा आणि स्थानिक दळणवळण यांच्या गरजांतून ती घडली. करमणुकीचा भार त्यांच्यावर नंतर येऊन पडला, असे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

नदीचा पूर्वापार वापर

इंद्रायणी ही लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावते आणि मावळ ओलांडून देहू, आळंदीमार्गे तुळापूर येथे भीमेस मिळते. तिच्या खोऱ्यातील कार्ले व भाजे येथील लेणी प्राचीन व्यापारी मार्गाची साक्ष देतात. वारकरी संप्रदायाने या नदीस तीर्थाचे स्थान दिले. मावळच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र नदी म्हणजे गुरांचे पाणी, मासे आणि भातखाचरे. मुलांचे डोहात पोहणे सोडल्यास, भातलावणीच्या ऐन हंगामात केवळ मौजेसाठी नदीवर जाणे त्याच्या दिनक्रमात बसणारे नव्हते. वर्षाविहार ही कल्पना म्हणूनच शहरातून येथे आली असे म्हणावे लागते.

घाट, रेल्वे आणि भुशी धरण

लोणावळ्याचा 'शोध' लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी १८७१ मध्ये लावला, असे विधान पर्यटनपर लेखनात वारंवार आढळते. ते कालदृष्ट्या टिकणारे नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, तर लॉर्ड एल्फिन्स्टन यांची कारकीर्द १८६० मध्येच संपली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. शिवाय बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झालेला होता. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटाची चढण पूर्ण होऊन मुंबई व पुणे जोडली गेली. लोणावळा घडले ते या दळणवळणामुळे. कोणा एका साहेबाच्या नजरेमुळे नव्हे. घाटातील बोगदे खोदताना हजारो मजूर राबले व त्यांतील अनेकांनी प्राण गमावले, हे 'शोधा'ची कथा सांगताना विसरले जाते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाण्याची आवश्यकता होती. त्याच गरजेतून भुशीचे धरण बांधले गेले. पुढे १९२९ मध्ये पुण्यापर्यंतच्या मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि इंजिनांची तहान हळूहळू संपली. धरण मात्र उरले. आज ज्या पायऱ्यांवर पर्यटक बसतात, त्या धरण भरल्यावर जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेवर आहेत. वळवण व शिरवता हे जलाशय टाटांच्या जलविद्युत योजनेचे. १९११ मध्ये तिची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये सुमारे पाचशे मीटर खाली खोपोली येथे वीजनिर्मिती सुरू झाली. पूर्वेकडे वाहणारे घाटमाथ्याचे पाणी त्यामुळे कोकणात उतरू लागले.

रविवारची सुट्टी आणि प्रवासाची सोय

विहारासाठी पाण्याइतकीच मोकळ्या वेळेची आवश्यकता असते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ही घटना म्हणून करमणुकीच्या इतिहासातही महत्त्वाची ठरते. तथापि, सुट्टी मिळाली तरी प्रवास सर्वांना परवडत नव्हता. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी आरंभी आठवड्याच्या अखेरीस धावे आणि पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणारा धनिक वर्ग तिचा प्रवासी होता. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, दुचाकी व मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली आणि मूठभरांचा विहार लाखोंचा झाला. विहाराचे हे लोकशाहीकरण स्वागतार्हच मानले पाहिजे. परंतु स्थळे तीच राहिली.

दोन दुर्घटना

या विसंगतीची किंमत अलीकडील दोन घटनांत दिसते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरच्या अंगास असलेल्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांच्या शोधकार्यात लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या संस्थेचे स्वयंसेवक होते. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. रांजणखळग्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या ठिकाणचा पूल गावकऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी होता. त्या दिवशी तो प्रवाह न्याहाळण्याचा सज्जा झाला होता. तो धोकादायक असल्याचा फलकही तेथे होता. दोन्ही दिवस रविवार होते, ही बाब लक्षणीय आहे.

पवना खोऱ्यात हीच विसंगती वेगळ्या रूपात आढळते. पिंपरी-चिंचवडची तहान भागवणाऱ्या पवना धरणाच्या काठी आज तंबूंचे पर्यटन बहरले आहे. मात्र ज्यांच्या जमिनी या धरणासाठी गेल्या, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याच्या योजनेविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा बळी गेला. काठावर रात्र घालवणाऱ्या पर्यटकास हा इतिहास सांगणारे कोणी नसते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, मावळातील वर्षाविहार हा अन्य हेतूंनी उभारलेल्या बांधकामांवर वाढला. रेल्वेने धरण बांधले ते इंजिनांसाठी, पूल उभा राहिला तो गावासाठी. त्यामुळे पर्यटकाच्या जीविताची जबाबदारी अनेक यंत्रणांत विभागली गेली आणि दुर्घटनेनंतरची बंदी हाच नेहमीचा उपाय ठरला. बंदी आवश्यक असेलही; ती पुरेशी नाही. कोणता बांध कशासाठी आहे, वरच्या डोंगरात पाऊस झाल्यावर पाणी किती वेगाने वाढते, कोणता डोह फसवा आहे, हे ज्ञान स्थानिकांजवळ आहे. त्यांना प्रशिक्षित जीवरक्षक म्हणून सवेतन नेमणे आणि प्रत्येक स्थळाचा इतिहास व धोका तेथेच स्पष्टपणे सांगणे, हे त्यावरचे व्यवहार्य उपाय होत. लोखंडे यांनी मिळवून दिलेला रविवार हा श्रमिकाच्या विश्रांतीचा दिवस आहे. त्या दिवशी नदीवर गेलेला माणूस संध्याकाळी सुखरूप घरी परतला पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.