जिथे दगड रोवता येत नाही

एकाहत्तरच्या लढाईची आठवण आमच्या भडगाव-पाचोऱ्याकडे विरळच. तिच्या पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला आणि त्यानं ती झाकून टाकली. जुन्या माणसांना विचारा, ती खडी फोडल्याचं सांगतील, सुकडीचं सांगतील, लाल मिलोच्या भाकरीचं सांगतील. लढाईचं विचारलं की, "बांगलादेश झाला तीच ना?" एवढ्यावर विषय संपतो. त्यातही जमिनीवरची लढाई थोडीफार माहीत असते, कारण फौजेत गेलेली पोरं गावोगाव आहेत. समुद्रावर काय झालं ते गिरणेच्या काठी कुणाला ठाऊक असायचं कारण नाही.

झालं ते असं. नौदलाकडे इंग्लंडात बांधलेल्या तीन फ्रिगेट होत्या, पाणबुडी शोधून मारण्यासाठीच्या. नावं हत्यारांची: खुकरी, किरपाण, कुठार. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला केला, त्याचे पोवाडे पुष्कळ झाले. पण त्याच दिवसांत एक पाकिस्तानी पाणबुडी, हंगोर, सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ दबा धरून होती. तिचा माग काढायला खुकरी आणि किरपाण या दोघी निघाल्या. पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या यंत्राला सोनार म्हणतात. आपल्या जहाजांवरच्या सोनारचा पल्ला तोकडा, हंगोरचा लांबचा. म्हणजे शिकाऱ्याला सावज दिसण्याआधी सावजाला शिकारी दिसत होता. हा पल्ला वाढवण्याचा एक प्रयोग खुकरीवर चालू होता आणि त्यासाठी जहाज हळू चालवावं लागत होतं.

९ डिसेंबर १९७१. रात्रीचे नऊ वाजायला दहा मिनिटं कमी. आपल्याकडे त्या वेळी जेवणं उरकून अंथरुणं पडलेली असतात. हंगोरचा टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांतच खुकरी गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, एकूण १९४ माणसं. वाचले ते ६७. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनं बुडवलेलं जगातलं हे पहिलं जहाज.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि स्वतः जहाजाबरोबर गेले, ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. माणूस मोठाच. पण मला राहून राहून त्या १७६ जणांचं वाटतं. जहाज म्हणजे एक गावच असतं. कुणी भट्टीवर, कुणी भटारखान्यात, कुणी पाळी संपवून आडवा झालेला. जो खालच्या मजल्यावर होता त्याला शिडीपर्यंत पोचायला तरी वेळ मिळाला असेल का? कप्तानाची गोष्ट सांगणारा कुणीतरी वर, डेकवर होता म्हणून ती आपल्यापर्यंत आली. खालच्यांच्या गोष्टी सांगणारंही खालीच राहिलं.

जागा दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, म्हणजे ७४ किलोमीटर. भडगावहून जळगाव जेवढं, त्याहून थोडं जास्त. पण आपल्या रस्त्यावर गावं लागतात, फाटे लागतात, मैलाचे दगड लागतात. तिथे खूण म्हणून काही नाही. नकाशावर दोन आकडे, एक अक्षांशाचा, एक रेखांशाचा. थडगं म्हणा, समाधी म्हणा, ते तेवढंच.

आमच्या तालुक्यातले एक निवृत्त नौसैनिक आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. खुकरीनंतर बऱ्याच वर्षांनी ते भरती झाले. त्या पाण्यावर फुलं वाहण्याचा कार्यक्रम त्यांनी एकदा जहाजावरून पाहिला आहे. ते सांगतात, जहाज चालता चालता मंद होतं, मग इंजिनाची थरथर पायाला लागेनाशी होते. बारा महिने अंगात भरलेली थरथर थांबली की माणसाला चुकल्यासारखं होतं. झेंडा अर्ध्यावर उतरतो. पांढऱ्या कपड्यातली रांग उभी राहते. बिगुलवर लास्ट पोस्ट वाजतं, मग दोन मिनिटं कुणी बोलत नाही. ऐकू येतं ते जहाजाच्या कुशीला लागणारं पाणी. त्यानंतर पुष्पचक्र हळूच खाली सोडतात. फेकत नाहीत, सोडतात. तात्यांचा यावर फार कटाक्ष.

त्या दिवशी जहाजावर काही निवृत्त मंडळीही होती. कार्यक्रम संपला, रांग मोडली, चहा आला. एक म्हातारे गृहस्थ मात्र कठड्यापाशीच उभे. फुलं दिसेनाशी होईपर्यंत ते हलले नाहीत. मग शेजारच्या पोरसवदा अधिकाऱ्याला त्यांनी विचारलं, "इथे खोल किती आहे?" त्यानं आकडा सांगितला. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि चहा घेतला. तात्यांना तो आकडा आठवत नाही, मान हलवलेली आठवते.

१९९९ च्या डिसेंबरात दीवला खुकरीचं स्मारक झालं. टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, काचेच्या घरात जहाजाची प्रतिकृती आहे. पुढे खुकरी हेच नाव दिलेलं दुसरं जहाज मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलं गेलं होतं, तेही १९८९ पासून ३२ वर्षं चाकरी करून २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झालं आणि लोकांना बघण्यासाठी दीवलाच दिलं गेलं. तिकडे कराचीत हंगोरही संग्रहालयात उभी आहे. ज्यांनी मारलं त्यांचीही पाणबुडी आता पोरंटोरं तिकीट काढून बघतात. स्मारकं चांगलीच. पण माझ्या मते फुलं पाण्यावर सोडण्याची सर त्यांना नाही, कारण स्मारक सोयीच्या जागी असतं आणि फुलं त्या जागी.

प्रेत हाती न लागलेल्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही. पूर आलेल्या नदीनं नेलेली माणसं काय थोडी? त्यासाठी पालाशविधी आहे. पळसाची ३६० पानं मांडून माणसाचा आकार करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. खुकरीवरच्या किती घरांनी असा पानांचा मुलगा केला असेल, किती घरांनी 'येईल अजून' म्हणून तोही केला नसेल.

नकाशा काढून बसलं तर आपलाही या पाण्याशी संबंध निघतो. आपली गिरणा जळगाव जिल्ह्यातच तापीला मिळते, तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. खंबातच्या आखाताच्या एका अंगाला सुरत, दुसऱ्या अंगाला दीव. आता गिरणेचं पाणी धरणानं, बंधाऱ्यांनी, लिंबूच्या आणि केळीच्या बागांनी इतकं अडवलंय की समुद्रापर्यंत पोचत असेल ते पूर आल्या वर्षीच.

तात्यांनी ही फुलं सोडल्याची हकीकत पहिल्यांदा सांगितली ती आखाजीच्या आदल्या दिवशी, ओट्यावर. गल्लीत घागरी आणून ठेवल्या होत्या. आपल्याकडे आखाजीला पितरांच्या नावानं घागर भरतात, वर डांगर ठेवतात, आगारी टाकतात. उन्हाळ्यात मेलेल्या माणसाला तहान लागते, हा त्यामागचा साधा हिशेब. ऐकणाऱ्यांत एक म्हातारी होती. तिनं आधी विचारलं, "तठे दिवा सोडतस का?" तात्या म्हणाले, नाही, फुलंच. मग थोडा वेळ गेला आणि ती म्हणाली, "ज्या पानीमा मरनात, त्यासले बी पानीच देवानं का?"

तात्या म्हणाले, "ते पानी खारं ऱ्हास, माय. पेवाले घागरच लागी."

दुसऱ्या दिवशी तिच्या ओसरीत एक घागर जास्तीची होती.