रंगांची साक्ष आणि संगणकाचा पडदा

रंग ओळखणें डोळ्यास साधतें. परंतु तो नेमका स्मरणांत ठेवणें साधत नाहीं. दुकानांतील दिव्याखालीं निवडलेलें लुगडें उन्हांत निराळें दिसतें, हा अनुभव घरोघरचा आहे. रंगाची हुबेहूब नक्कल करण्याचा इतिहास म्हणजे या डोळ्यास आधार शोधण्याचाच इतिहास होय.

१८९४ सालीं राजा रविवर्मा यांनीं मुंबईंत छापखाना काढला. तेथें एकाच चित्रासाठीं रंगागणिक वेगळा दगड तयार करावा लागे, आणि मूळ रंग साधण्याचा सारा भार कारागिराच्या नजरेवर असे. पुढें १९३३ सालीं प्रभात कंपनीनें 'सैरंध्री' हा बोलपट रंगीत केला. चित्रण येथें झालें, प्रती जर्मनींत निघाल्या, आणि रंग मनाजोगे उतरले नाहींत हें शेवटीं कळलें.

अशा दोन टोकांस जोडणारें माप मात्र तेव्हां घडूं लागलें होतें. १९३१ सालीं प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगानें सामान्य मनुष्याची रंगदृष्टि आंकड्यांत बांधली. त्याच पायावर १९९६ सालीं ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनीं 'एस-आर-जी-बी' हें रंगमान सुचविलें. १९९९ सालीं तें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें. अडोबी कंपनीचें १९९८ सालचें रंगमान हिरव्या-निळ्या छटांत याहून विस्तृत असून छपाईस उपयोगी पडतें.

कुर्डुवाडी-पंढरपूर आगगाडीच्या मार्गावरील मोडनिंबासारख्या गांवींही आज लग्नाचें छायाचित्र संगणकावर सुधारून शहरांतील छापखान्याकडे धाडतां येतें. म्हणजे प्रश्न 'सैरंध्री'चाच: पाहणारा एकीकडे, छापणारा दुसरीकडे. मधला साक्षीदार म्हणजे संगणकाचा पडदा, अर्थात् मॉनिटर. त्यानें खोटी साक्ष दिली तर नवरीचा हिरवा शालू कागदावर काळपट निघतो, आणि तो मुहूर्त कांहीं पुन्हां येत नाहीं.

म्हणून पडदा निवडतांना झगझगाटास भुलूं नये. एस-आर-जी-बी रंगमान तो पूर्णपणें दाखवितो काय, आणि बाजूनें पाहतां रंग पालटतो काय, हें आधीं पाहावें. या दुसऱ्या कसोटीस 'आयपीएस' जातीचे पडदे बहुधा उतरतात. त्याची पांढरी छटा ६५०० केल्विनच्या मापास जुळवावी. पडद्याचा दिवा कालांतरानें बदलतो; म्हणून रंगमापक यंत्र लावून त्याची वरचेवर तपासणी करावी, आणि कामाच्या खोलींतील उजेड एकसारखा ठेवावा.

दगडावर रंग चढविणाऱ्या कारागिराची नजर आजही हवीच. तिच्या जोडीस आतां माप आलें आहे.