ताटातला रंग आणि पिंजऱ्यातला उंदीर : प्रस्तावना

अन्नातल्या कृत्रिम रंगांची सुरक्षितता प्राण्यांवर तपासण्याचे शास्त्र चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला लांबचे वाटते. मोठ्या प्रयोगशाळा लखनौला आणि हैदराबादला, नियम दिल्लीत, आणि कोणता रंग किती खाल्लेला चालतो याचे आकडे आंतरराष्ट्रीय समितीच्या बैठकीत ठरणार. आपण फक्त वाचायचे आणि पाठ करायचे, असा समज होतो. तो काढून टाकण्यासाठीच ही प्रस्तावना लिहीत आहे. या शास्त्रातला सर्वांत अवघड धडा झाडीपट्टीतल्या धानाच्या बांधीत उगवतो. म्हणून सुरुवात लाखोळीपासून करू.

धान कापणीला येते त्या सुमारास, बांधीत ओल असतानाच लाखोळी फेकून पेरतात. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही. पाऊस दगा देतो त्या वर्षीही ती हाती लागते, आणि गोम नेमकी इथेच आहे. सागर भागात 1829 पासून गारपीट, अवर्षण आणि रोगाने लागोपाठ गहू बुडाला. लोक लाखोळीवर जगले, आणि 1833 च्या सुमारास धडधाकट तरुणांचे पाय लुळे पडू लागले. ही नोंद स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने करून ठेवली आहे. आपल्याकडे 1961 पासून लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. त्या बंदीविरुद्ध नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. इथले शेतकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या लाखोळी पेरत आणि खात आले. डाळ तीच असताना दुष्काळात ती माणसाला अधू करते आणि बऱ्या वर्षी भाताबरोबर थोडी खाल्ली तर करत नाही, हे कसे?

प्राण्यांनी याचे उत्तर सहजी दिले नाही. लाखोळीतले मज्जाविष 1964 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, अडिगा आणि सर्मा यांनी वेगळे केले. त्याच सुमारास मूर्ती, शेषाद्री आणि वेंकटसुब्रमण्यम यांनीही ते स्वतंत्रपणे शोधले. एका दिवसाच्या कोंबडीच्या पिलाला ते टोचले की मान वाकडी होते, झटके येतात. पूर्ण वाढलेल्या उंदराला टोचले तर बहुधा काहीच होत नाही. म्हणजे फक्त प्रौढ उंदरांवर तपासणी झाली असती तर हे विष निर्धोक ठरले असते. त्याआधीची फसगत याहून मोठी होती. फुलासाठी लावतात त्या स्वीट पीचे बी खाऊ घातल्यावर उंदरांची हाडे वाकतात, आणि ही हाडांची विकृती आणि माणसाचा पांगळेपणा हा एकच आजार समजून बरेच संशोधन झाले. वनस्पती वेगळी, विष वेगळे, इजा होणारा अवयवही वेगळा. प्रयोगातला प्राणी हा खरे बोलणारा साक्षीदार आहे, पण विचारले तेवढेच तो सांगतो.

लाखोळीकडून रंगाकडे जायला फार चालावे लागत नाही. तुरीच्या डाळीत लाखोळी मिसळली की रंग जुळवावा लागतो, आणि त्यासाठी देशभर वापरला गेलेला स्वस्त रंग म्हणजे मेटॅनिल यलो. तो कापड-कागदाचा आहे, अन्नात त्याला परवानगी नाही. 1965 मध्ये लखनौला सुरू झालेल्या विषविज्ञान संस्थेने त्याच्यावर दीर्घकाळ काम केले. बंगळूरच्या निम्हान्समधल्या नागराज आणि देसिराजू यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाढत्या आणि प्रौढ उंदरांना तो दीर्घकाळ दिला होता. मेंदूच्या निरनिराळ्या भागांतल्या संदेशवाहक द्रव्यांच्या पातळ्या बदलल्या आणि उंदरांच्या शिकण्यावर परिणाम झाला. कर्करोग झाला की नाही एवढेच पाहणाऱ्या चाचणीत ही गोष्ट कधीच दिसली नसती.

परवानगी असलेल्या रंगांची कसोटी ठरलेल्या पद्धतीने होते. भारतात असे कृत्रिम रंग आठ आहेत: टार्ट्राझीन, सनसेट यलो, पाँसो 4 आर, कार्मोइसीन, एरिथ्रोसीन, इंडिगो कार्मीन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. कर्करोगाच्या चाचणीत रंग खाद्यात मिसळून उंदरांना सुमारे दोन वर्षे, म्हणजे त्यांच्या आयुष्याचा बहुतेक काळ देतात. मात्रेचे तीन तरी गट असतात, एक गट बिनरंगाच्या खाद्यावर, आणि प्रत्येक गटात निदान 50 नर व 50 माद्या. वजन, खाणे, रक्त यांच्या नोंदी होतात, शेवटी एकेका अवयवाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ज्या सर्वाधिक मात्रेला काहीही अपाय दिसत नाही ती घेऊन साधारणपणे 100 ने भागतात: 10 पट प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी, 10 पट माणसामाणसांतल्या फरकासाठी. हा शंभराचा भाजक अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या लेहमन आणि फिट्झह्यू यांनी 1954 मध्ये मांडला. येणारे उत्तर म्हणजे रोज, जन्मभर घेतली तरी चालेल अशी मात्रा.

गणित करून पाहू. मूल 15 किलोचे. टार्ट्राझीनसाठी आंतरराष्ट्रीय समितीने 2016 मध्ये ठरवलेली कमाल मात्रा वजनाच्या किलोमागे 10 मिलिग्रॅम आहे, म्हणजे या मुलाला दिवसाला 150. आपल्याकडे तयार पदार्थात रंगाची सर्वसाधारण मर्यादा किलोमागे 100 मिलिग्रॅम. तेव्हा मर्यादेइतका रंग असलेली मिठाई दीड किलो खाल्ली तर मात्रा गाठली जाईल. आता तेच गणित एरिथ्रोसीनचे करा. त्याची कमाल मात्रा किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे मुलाला दीड. ती 15 ग्रॅम मिठाईत संपते, तीही नियम काटेकोर पाळणाऱ्या दुकानातल्या. मार्कंड्याच्या जत्रेत किंवा दिवाळीनंतरच्या मंडईत मूल किती आणि कोणत्या रंगाचे खाते याची मोजणी या आकड्यांशेजारी ठेवल्याशिवाय त्यांना अर्थ येत नाही.

याच एरिथ्रोसीनवरून आणखी एक वाद समजून घ्यावा. मोठ्या मात्रेने नर उंदरांच्या कंठस्थ ग्रंथीत गाठी होतात. अमेरिकेने 1990 मध्ये सौंदर्यप्रसाधनांतून तो काढला आणि जानेवारी 2025 मध्ये अन्नातली परवानगीही मागे घेतली. त्यांच्याच प्रशासनाचे म्हणणे असे की उंदरात ज्या मार्गाने गाठ होते तो माणसात तसा चालत नाही. पण प्राण्यात कर्करोग करणारा रंग अन्नात नको, असा तिथला कायदा आहे. मला हा कायदा चुकीचा वाटत नाही. केवळ डोळ्यांना बरे दिसावे म्हणून घातलेल्या पदार्थाच्या बाबतीत संशयाचा फायदा मुलांना मिळावा, पदार्थाला नव्हे.

आता मूळ मुद्दा. जपानमध्ये किनोसिता यांनी 1930 च्या दशकात उंदरांना बटर यलो हा रंग भाताच्या खाद्यातून दिला आणि त्यांच्या यकृतात कर्करोग झाला. 1941 मध्ये अमेरिकेत केन्सलर, सुगिउरा, ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले की त्याच खाद्यात दुधातले केसीन आणि रायबोफ्लेविन घातले तर बऱ्याच उंदरांचा बचाव होतो. रंग तोच, उंदीर तसेच, फक्त जेवण बदलले. कुन्नूरला मॅककॅरिसन यांनी तर भारताच्या निरनिराळ्या प्रांतांची जेवणे उंदरांना घातली होती. पंजाबातल्या शिखांची पोळी, दूध, डाळ, भाजी खाणारे उंदीर उत्तम वाढले आणि भातावरचे, निकस आहाराचे खुरटले. ती प्रयोगशाळा पुढे वाढून 1958 मध्ये हैदराबादला गेली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.

आजच्या चाचणीतला उंदीर प्रमाणित, भरपूर प्रथिनांचे, जीवनसत्त्वांनी परिपूर्ण खाद्य खातो. गडचिरोलीतल्या टोल्यावरचे मूल भात आणि पातळ वरण खाते, कित्येक महिने भात आणि आंबील. माणसामाणसांतल्या फरकासाठी ठेवलेली 10 पट या मुलाला पुरते का? लाखोळीने जो प्रश्न दुष्काळात विचारला तोच हा आहे. तो विचारायला झाडीपट्टीतल्या अभ्यासकाइतका अधिकारी माणूस मला दुसरा दिसत नाही.

यासाठी प्रत्येक महाविद्यालयाने उंदीर पाळावेत असे मुळीच नाही. प्राण्यांवरचे प्रयोग 1960 च्या कायद्याखाली आणि 1998 च्या नियमांनुसार, नोंदणी आणि नीतिसमितीच्या मंजुरीनेच करता येतात, आणि ते तसेच असावे. प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग, प्राण्यांची कमी संख्या आणि कमी यातना ही रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये घातलेली चौकट या पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणात पाळली आहे. इथले काम पांढऱ्या लोकरीच्या धाग्यापासून सुरू होते. मिठाईच्या आम्लयुक्त अर्कात धागा उकळला की कृत्रिम रंग लोकरीला धरतो, अमोनियात सुटतो, आणि पुन्हा आम्ल घातल्यावर नव्या धाग्याला धरतो. बेसनाच्या अर्कात शिक्षकांच्या देखरेखीखाली हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले आणि परीक्षानळीत गुलाबी-जांभळी छटा उमटली तर मेटॅनिल यलोचा दाट संशय घ्यावा. मग कागदी वर्णलेखनाने एकेक रंग वेगळा करता येतो. त्याच्या जोडीला घरोघरचे जेवण वजन करून लिहायचे: भात किती, डाळ किती आणि कुठली, दूध-अंडी आठवड्यातून किती वेळा, मुलाच्या हातात रंगीत खाऊ कधी आणि केवढा. ही जोड-नोंद हाती असेल तर मोठ्या प्रयोगशाळेला नेमके सांगता येईल की पुढच्या चाचणीतल्या एका गटाला तुमचे प्रमाणित खाद्य देऊ नका, आमच्या भागातले जेवण द्या.

पहिली दोन प्रकरणे रसायनशास्त्राची आहेत आणि ती कोरडी वाटतील. ज्याला घाई असेल त्याने तिसऱ्या, आहारमोजणीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि गरज पडेल तसे मागे यावे.