ड जीवनसत्त्व आणि मेंदूतील कर्कपेशी : एका संशोधनधारेचा इतिहास

एखाद्या द्रव्यास प्रथम मिळालेले नाव त्याच्याविषयीच्या पुढील विचारास वळण लावते, आणि क्वचित त्यास चकवितेही. ड जीवनसत्त्व हे याचे बोधप्रद उदाहरण होय. मुडदूस या बालरोगाच्या निमित्ताने सापडलेले हे द्रव्य मेंदूतील कर्कपेशींच्या अभ्यासापर्यंत कसे पोचले, याचा इतिहास वस्तुतः त्याच्या नावाच्या अपुरेपणाचाही इतिहास आहे.

1919 साली एडवर्ड मेलनबी यांनी इंग्लंडमध्ये कुत्र्याच्या पिलांत आहाराद्वारे मुडदूस उत्पन्न केला व कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टळतो असे दाखविले. त्याच वर्षी बर्लिन येथे कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी केवळ अतिनील किरणांनी मुडदूसग्रस्त मुले बरी केली. पुढे 1922 मध्ये अमेरिकेत मॅक्कॉलम व त्यांचे सहकारी यांना असे आढळले की, या तेलातून हवा खेळवून ते तापविले असता त्यातील अ जीवनसत्त्व नष्ट होते, परंतु मुडदूस बरा करण्याचा गुण कायम राहतो. या निराळ्या घटकास ड जीवनसत्त्व हे नाव मिळाले. परंतु जे द्रव्य सूर्यप्रकाशात त्वचा स्वतःच निर्माण करते, त्यास आहारातूनच मिळवावयाचे जीवनसत्त्व म्हणणे कितपत यथार्थ, हा प्रश्न तेव्हाच अंतर्भूत होता.

त्याचे उत्तर मिळण्यास सुमारे अर्धशतक लागले. 1968 ते 1971 या काळात विस्कॉन्सिन येथील डीलूका यांची प्रयोगशाळा व केंब्रिज येथील फ्रेझर आणि कोडिसेक यांच्या कार्यावरून स्पष्ट झाले की, या द्रव्यावर प्रथम यकृतात व नंतर मूत्रपिंडात प्रक्रिया होऊन त्याचे कार्यक्षम रूप, म्हणजे कॅल्सिट्रिऑल, सिद्ध होते. पेशीकेंद्रातील ग्राहीशी संयोग पावून ते जनुकांच्या कार्याचे नियमन करते. म्हणजेच ते एक संप्रेरक ठरले.

हा ग्राही आतडे व अस्थी यांपुरताच मर्यादित नाही, असे आढळताच कर्करोगाच्या संशोधनास नवी दिशा मिळाली. 1981 साली कोल्स्टन, फेल्डमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेच्या मेलॅनोमा पेशींची वाढ कॅल्सिट्रिऑलमुळे मंदावते असे नोंदविले. त्याच वर्षी जपानमध्ये सुदा यांच्या गटाने उंदराच्या रक्तकर्काच्या अपक्व पेशी त्याच्या प्रभावाने भक्षकपेशींसारखे परिपक्व रूप घेतात असे दाखविले. कर्कपेशीस ठार न करता तिला परिपक्वतेकडे वळविण्याची ही कल्पना नवी व आकर्षक होती.

मेंदूकडे लक्ष वळले ते यानंतर. 1994 साली नॅव्हेयाँ, व्हिआँ, ब्राशे आदी फ्रेंच संशोधकांनी उंदीरवर्गीय प्राण्याच्या ग्लायोमा अर्बुदापासून वाढविलेल्या सी6 या पेशीवंशावर कॅल्सिट्रिऑलचा प्रयोग करून त्या पेशी मृत्यू पावतात असे दाखविले. मानवी ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींवरील परिणामही प्रसिद्ध झाले. ज्या अर्बुदावर शस्त्रक्रिया व किरणोपचार होऊनही रुग्ण बहुधा थोडाच काळ जगतो, त्याच्या बाबतीत अशी वार्ता आशा उत्पन्न करणारी होती, हे सांगणे नलगे.

तथापि दोन अडचणी प्रारंभापासूनच उभ्या होत्या. प्रयोगशाळेत वापरलेले प्रमाण पुष्कळदा रक्तातील स्वाभाविक प्रमाणाच्या शेकडो पट असते. तितके शरीरात दिल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीस पोचते. शिवाय सर्व ग्लायोमा पेशी सारखा प्रतिसाद देत नाहीत, आणि पेशी कॅल्सिट्रिऑलचे विघटन करणारे विकरही स्वतः निर्माण करतात. 2001 साली फ्रान्समध्येच नेहमीच्या उपचारांसोबत या वर्गातील औषध दिलेल्या अत्यल्प रुग्णांविषयी काही उत्साहवर्धक निरीक्षणे प्रसिद्ध झाली. परंतु तुलनेसाठी नियंत्रित गट नसता अशा निरीक्षणांवरून निष्कर्ष काढता येत नाही. प्रतिबंधाच्या बाबतीत 25,871 व्यक्तींवर झालेल्या व्हायटल या अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. दररोज 2,000 एककांच्या सेवनाने एकंदर कर्करोगाच्या प्रादुर्भावात घट झाली नाही, असे तीत आढळले. ती मेंदूतील अर्बुदांची स्वतंत्र परीक्षा मात्र नव्हती.

या इतिहासाचे तात्पर्य असे की, मुडदुसात उणीव भरून काढणे हाच उपाय होता. ग्लायोमात प्रश्न उणिवेचा नसून संप्रेरकाच्या औषधी क्रियेचा आहे. पहिल्या प्रश्नाचे यश दुसऱ्याच्या उत्तराची हमी देत नाही. बशीतील पेशी मरते हे सत्य आहे. परंतु बशी व रुग्णशय्या यांतील अंतर नावाच्या बळावर कापता येत नाही.