घरच्या बागेंतील चैत्र-वैशाखाचीं फुलें व त्यांचा कालनिर्णयास उपयोग

चैत्र सरूं लागून वैशाखाचें ऊन तापूं लागलें म्हणजे महाराष्ट्रांतील घरोघरच्या परसबागांस जी शोभा येते ती दुसऱ्या कोणत्याहि ऋतूंत क्वचितच येते. सायंकाळीं पाणी शिंपलेल्या वाफ्यांतून मोगऱ्याचा सुवास सुटतो. निष्पर्ण झालेल्या पांढऱ्या चाफ्यावर फुलांचे झुबके लागतात. दिवेलागणीस गुलबास उमलते. आणि कुंपणापलीकडे गुलमोहोर पेटल्यासारखा दिसतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास अक्षय्य तृतीयेपर्यंत अशाच फुलांची आरास होते. हा आनंद सर्वांस सारखाच आहे. परंतु जुन्या पोथ्या व कागदपत्रें हाताळणारांस या बागेकडे आणखी एका दृष्टीनें पाहतां येण्यासारखें आहे. तिच्यांतील प्रत्येक झाड हा एक दाखला असून, तो न वाचल्यास कालनिर्णयांत मोठा घोटाळा होण्याचा संभव आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम या भूमींत प्राचीन काळापासून नांदत असलेलीं फुलें घेऊं. मोगरा ही संस्कृतांतील मल्लिका होय. अमरकोशांत तिच्या पर्यायांत ‘शीतभीरु’ असें एक नांव दिलें आहे. थंडीस भिणारी आणि उन्हाळा लागतांच फुलणारी ही वेल कोशकारानें एका शब्दांत किती नेमकी टिपली आहे हें कोणाहि बाग करणाराच्या ध्यानांत येईल. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें रचलेल्या मानसोल्लासांत शके १०५१ (इ.स. ११२९) चा उल्लेख असून, त्यांत माल्योपभोग या नांवाचें स्वतंत्र प्रकरण आहे. बाबरानें आपल्या आत्मवृत्तांत हिंदुस्थानांतील फुलांचें वर्णन करितांना जास्वंद, कण्हेर व केवडा यांस आवर्जून स्थान दिलें आहे. आइन-इ-अकबरींतहि सुवासिक फुलांची यादी त्यांच्या ऋतूंसह दिली आहे. तेव्हां मल्लिका, सोनचाफा, बकुळ, जास्वंद किंवा कण्हेर यांचें नांव कोणत्याहि जुन्या लेखांत आलें तर संशयास जागा नाहीं. मात्र त्यावरून काळहि ठरत नाहीं.

दुसरा वर्ग याहून महत्त्वाचा आहे. पांढरा चाफा, गुलबास, निशिगंध व पिवळी कण्हेर अथवा बिट्टी हीं सर्व मूळचीं अमेरिका खंडांतील होत. कोलंबस तिकडे पोहोंचला तो १४९२ सालीं. वास्को द गामा कालिकतास आला तो १४९८ सालीं. आणि गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें तें १५१० सालीं. अर्थात् या झाडांच्या इकडील आगमनाची पूर्वमर्यादा पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या मागें नेतां येत नाहीं. गुलबासाच्या बाबतींत उत्तरमर्यादाहि हातीं लागते. १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडाम येथें बारा खंडांत छापलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथांत तें आलें आहे. म्हणजे तोंपर्यंत तें मलबारांत रुजलें होतें. याच ग्रंथाच्या पहिल्या खंडांत रंगभट, विनायक पंडित व आपुभट यांचें १६७५ सालचें कोंकणी भाषेंतील प्रमाणपत्र नागरी अक्षरांत छापलें आहे, ही गोष्ट हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष कौतुकाची वाटेल.

खरी अडचण नांवांची आहे. ‘निशिगंध’ हा शब्द ऐकून तें फूल कालिदासाच्याहि काळीं असावें असें वाटतें. परंतु त्याचेंच दुसरें मराठी नांव ‘गुलछबू’ हें फारसी ‘गुल-ए-शब्बो’ वरून आलें आहे, आणि फारसींत शब म्हणजे रात्र. चाफ्याचेंहि तसेंच. ग्रंथांतील चंपक म्हणजे सोनचाफा. त्याचा अर्थ पांढरा चाफा असा करणें चुकीचें आहे. उलटपक्षीं ‘गुलमोहोर’ हें नांव ऐकून त्यास मोगल अमदानींतलें समजण्याचा मोह होतो. तें झाड मूळचें मादागास्कर बेटांतलें. त्याचें शास्त्रीय वर्णन १८२९ सालीं छापलें गेलें. पेशवाई तर १८१८ सालींच संपली. म्हणून ज्या चित्रांत पेशव्यांचा दरबार गुलमोहोराखालीं भरलेला दिसेल तें चित्र समकालीन मानतां येणार नाहीं, मग त्यावरील मिति कांहींहि असो.

या प्रमाणाचा उपयोग कसा करावा? समजा, एकाद्या माहात्म्यग्रंथाच्या पोथीवर शके १३०० ची मिति आहे व तिच्यांतील पूजाद्रव्यांत गुलबासाचें नांव आहे. अशा वेळीं सबंध ग्रंथ बनावट ठरविण्याची घाई करूं नये. मिति मूळ रचनेची असून प्रत पुढची असेल. किंवा नकलकारानें आपल्या दारचीं फुलें यादींत घातलीं असतील. निश्चित एवढेंच कीं, यादीचा तो भाग त्या मितीचा नाहीं. निशिगंधासारखें नांव एकटेंच आलें असेल तर तें त्याच फुलाचें आहे हें कंद, लांब दांडा इत्यादि वर्णनावरून आधीं सिद्ध केलें पाहिजे. नुसत्या नांवावर भिस्त ठेवणारा संशोधक दोन्ही बाजूंनीं फसतो.

पेशवाईंत पुण्याभोंवतीं हिराबाग, सारसबाग यांसारख्या बागा झाल्या. खाजगी वाड्यांतूनहि फुलझाडें असत. अशा घराण्यांच्या जमाखर्चांत माळ्याचा रोजमुरा, रोपें, पाणी किंवा देवपूजेचीं फुलें यांच्या बाबी आढळल्यास संग्राहकांनीं त्या किरकोळ म्हणून वगळूं नयेत. फुलाचें नांव जसें लिहिलें असेल तसेंच उतरून घ्यावें, आजच्या नांवानें सुधारूं नये, आणि बाबीची तिथि अवश्य नोंदवावी. तिथीवरून फुलण्याचा ऋतु कळतो, व ऋतूवरून झाड ओळखण्यास साह्य होतें. लढाया व तहनामे यांचे कागद जपणारे पुष्कळ आहेत. फुलांच्या हिशेबाचा कागद मात्र रद्दींत प्रथम जातो, आणि एकदां गेला म्हणजे त्या अंगणाचा वैशाख कायमचा नाहींसा होतो.