यादीतले नाव

साकीनाक्याच्या भोवतालच्या मोहिली, मरोळ, असल्फे या गावांचे भवितव्य १८०८ साली एका अदलाबदलीने ठरले: कंपनी सरकारने कुर्ल्यासह ही गावे होरमसजी बमनजी वाडिया यांस दिली आणि मोबदल्यात मुंबईच्या किल्ल्यातील अपोलो दरवाजाजवळचा जमिनीचा एक तुकडा घेतला. रयतेची संमती पुसण्याचा तेव्हा रिवाजच नव्हता. जो सनद बाळगी तो मालक आणि ज्याचे नाव दप्तरी लागे ते कूळ, एवढ्यावर सारा अंमल चाले.

१९५० साली हा टापू बृहन्मुंबईत आला, कारखाने व गाळे उभे राहिले आणि त्यांत राबणाऱ्यांनी, भाड्याची खोली परवडेना म्हणून, टेकडीच्या उतारावर नि नाल्याकाठी झोपड्या बांधल्या. इतक्या लोकांना हुसकणे दुर्घट आणि सामावून घेणे खर्चाचे, तेव्हा शासनाने मोजणीचा मार्ग धरला. ४ जानेवारी १९७६ रोजी मुंबईभर एकाच दिवशी झोपड्यांची गणना झाली आणि गणलेल्या कुटुंबांस फोटोपास मिळाले. पुढे सरकारे बदलली तशी संरक्षणाची तारीखही सरकत गेली, आणि तिचे सरकणे निवडणुकीच्या मोसमाशी जुळत राहिले.

१९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने तर मोठाच पल्ला गाठला, कारण १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादीतील नाव हाच मोफत घराच्या पात्रतेचा पुरावा ठरला. मताचा हक्क आणि छपराचा हक्क एकाच कागदावर आले, म्हणून येथील बिऱ्हाडांत रेशनकार्ड, फोटोपास, विजेचे जुने बिल आणि यादीचा उतारा असा जुडगा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पुराचे पाणी पोचणार नाही अशा उंचीवर, माळ्यावर ठेवलेला असतो. नगरसेवकाची शिफारस, शाखेतला कार्यकर्ता, सोसायटीची कमिटी यांचे वजन याच पिशवीतून उत्पन्न होते. तरीही मला या योजनेतील एक कलम मोलाचे वाटते: विकासकास सत्तर टक्के रहिवाशांची संमती मिळवावी लागे, म्हणजे १८०८ साली ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांच्या वारसांची सही आता अडसर होऊ शके. ही मर्यादा पुढे एक्कावन्न टक्क्यांवर आणली गेली, हे मला अन्यायाचे वाटते.

योजनेच्या परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे रहिवाशांच्या पात्रतेच्या यादीत, पात्र आणि अपात्र असे रकाने आजही पडतात. मोफत घराची तारीख पुढे २००० पर्यंत सरकली; तिच्यानंतर पण १ जानेवारी २०११ पूर्वी आलेल्यांना पैसे भरून घर मिळू शकते. त्यानंतर आलेला माणूस मतदार आहे, मात्र घराच्या यादीत तो नाही.